टिप्याची ड्युटी

‘मॅडम, आमचा चावत नाही हो,’ असं मालक गेटवरूनच ओरडून सांगतो, तेव्हा मी त्या कुत्र्यापासून जरा लांब उभी राहते. उलट ‘सांभाळा बाई, भयंकर आहे’ असं म्हणत ज्याला दोन-दोन साखळ्या लावून आणतात, तो चहा होईपर्यंत माझ्या पायाशी पोट वर करून लोळत असतो. कुत्र्यांबद्दल माणसं जे सांगतात त्यातलं निम्मं सोडून द्यायचं, हे मला या धंद्याने शिकवलं. कोणतं निम्मं, ते मात्र अजून नीट कळलेलं नाही.

मी मूळची शाळेतली पी.टी.ची बाई. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी आणि आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाला चिंचा पाडणारी पोरं झाडावरून आपोआप खाली यायची. निवृत्त झाल्यावर घरात बसून भाज्या निवडायच्या का, असा प्रश्न होता. नाशिकच्या मखमलाबाद रस्त्याच्या आतल्या बाजूला आमचा एक प्लॉट पडून होता. पुण्यात जाऊन रीतसर शिकून आले, प्लॉटला कुंपण घातलं, पत्र्याची शेड टाकली आणि कुत्र्यांचं पाळणाघर काढलं. ट्रेनिंगही तिथेच. धाकटे दीर म्हणाले, ‘‘वहिनी, लोक हसतील.’’ हसले की! हसून झाल्यावर आपापली कुत्री घेऊन आले.

बाहेरच्यांना वाटतं, कुत्री मोकळी सोडायची, चेंडू फेकायचा आणि खुर्चीत बसून राहायचं. अहो, खुर्चीत बसायला मिळालं असतं तर माझी कंबर अशी झाली नसती. सकाळी नोकरीवर जाता जाता मालक कुत्री सोडून जातात. आल्याबरोबर गट पाडायचे, आणि ते आकारावरून नाही, स्वभावावरून. दांडगाई करणारे एकीकडे, बुजरे दुसरीकडे, म्हातारे शेडच्या सावलीत. शेपटी हलतेय म्हणजे कुत्रं खूश आहे, हा एक मोठा गैरसमज. ती उंच आणि ताठ हलत असेल तर काहीतरी भानगड होणार आहे असं समजायचं. कान, ओठांचे कोपरे, पाठीवरचे केस, सगळीकडे एकदम लक्ष ठेवावं लागतं. माझ्या मदतीला मंगल आहे. चाळिशीची, तोंडाने फटकळ, हाताने अतिशय हळुवार. ती कुत्र्यांना शिव्या घालते आणि कुत्री तिच्या मागे मागे फिरतात.

लाडू नावाचा एक लॅब्रॅडॉर येतो. तो चपला चोरतो, पण फाडत नाही, चावत नाही. पाण्याच्या हौदात नेऊन एकेक अलगद सोडतो आणि त्या तरंगताना बघत बसतो. एका डॉक्टरबाईंचा हस्की आहे. बर्फातलं जनावर ते, नाशिकच्या उन्हाळ्यात कूलरपुढून हलत नाही, आणि दुसरं कोणी कूलरपुढे आलं तर एवढा करुण सूर लावतो की शेजारच्या मळ्यातली माणसं विचारायला येतात. रॉकी हा जर्मन शेफर्ड चोरांना भीत नव्हता, पण कुकरच्या शिट्टीला पलंगाखाली जाऊन थरथरायचा. त्यावर उपाय म्हणून आम्ही सेंटरवर रोज कुकर लावला. आधी पार कुंपणाबाहेर, मग रोज थोडा जवळ, आणि प्रत्येक शिट्टीला रॉकीला चिकनचा तुकडा. शेवटी शिट्टी झाली की तो जिभल्या चाटत स्वयंपाकघराकडे धावायला लागला. त्या काळात मंगलने आणि मी इतकी खिचडी खाल्ली की अजून वास आला तरी नको होतं.

ही आमची सगळी विद्या. ज्याची भीती आहे ते लांबून दाखवायचं, त्याच्याशी चांगली गोष्ट जोडायची आणि घाई करायची नाही. मारायचं तर नाहीच. ‘चार फटके दिले की सुधारतं’ म्हणणाऱ्या माणसाला मी गेटबाहेरूनच परत पाठवते. आणि नाशिकमध्ये आणखी एक गोष्ट प्रत्येकाला सांगावी लागते : कुत्र्याला द्राक्षं द्यायची नाहीत, बेदाणे तर नाहीतच. विषासारखं आहे त्याला ते. इथे हे सांगितलं की लोकांना स्वतःचा अपमान झाल्यासारखं वाटतं.

आता टिप्याची गोष्ट. सांगायची म्हणून बरीच वर्षं सांगता येतील अशा गोष्टी माझ्याकडे आहेत, पण दिवाळी अंकासाठी लिहायला बसले आणि हीच पुढे आली.

संक्रांतीच्या आधी स्वाती पहिल्यांदा आली. इंदिरानगरला राहणारी, बँकेत नोकरी करणारी. बरोबर तिचे सासरे, तात्या. पांढरा सदरा, पायजमा, खांद्यावर पंचा, हातात काठी. आणि काठीला खेटून टिप्या. गावठी कुत्रा, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, एक कान उभा आणि एक पडलेला. डोळे मात्र असे की नजर माझ्यावर एकदा फिरली आणि मीच सावरून उभी राहिले.

‘‘दोघांना चावलाय,’’ स्वातीने सरळ सांगितलं. मला ती तिथेच आवडली. ‘‘एकदा सिलिंडरवाल्याला, एकदा खालच्या देशमुख वहिनींना. खूप नाही, पण दात लागलेत. सोसायटीने नोटीस दिलीय.’’

‘‘कशामुळे चावतो?’’

‘‘कोणी हात वर केला की सुटतो.’’

मी तात्यांकडे बघितलं. ‘‘याला लहानपणी कोणी मारलंय का?’’

म्हाताऱ्याची मान ताठ झाली. ‘‘माझ्या कुत्र्याला हात लावलेला नाय मी कधी. दुसऱ्या कुणाला लावू दिला नाय.’’ एवढं बोलून ते तोंड फिरवून बसले.

मी मनात म्हटलं, असं सगळेच म्हणतात.

तात्या गेटपाशी बसले आणि स्वातीने मला बाजूला घेतलं. पिंपळगावच्या बाजूला त्यांची द्राक्षाची बाग. सासूबाई गेल्या, त्यानंतर तात्या मळ्यातल्या घरात एकटेच राहत होते, हा टिप्या आणि ते. गेल्या उन्हाळ्यात बांधावर चक्कर येऊन पडले. दुपार कलेपर्यंत कोणाला पत्ता नाही. कुत्रं भुंकत राहिलं म्हणून शेजारचे बघायला आले. त्यानंतर तिने हट्ट धरून त्यांना फ्लॅटवर आणलं. गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. बाग पुतण्याकडे दिली. ‘‘यांचं म्हणणं, म्हणजे अविनाशचं, की कुत्रं मळ्यावर पुतण्याकडे सोडून येऊ. पण तात्यांनी सांगून टाकलंय, कुत्रं जिथं, मी तिथं. ते नुसतं बोलत नाहीत हो मॅडम. बॅग भरून ठेवलीय त्यांनी पलंगाखाली. मी त्यांना परत एकटं पाठवणार नाही. काही झालं तरी नाही.’’

हे बोलताना तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. मी म्हटलं, ‘‘नाही पाठवायचं. बघते मी.’’

झालं. मी ठरवून टाकलं की हा मार खाल्लेला कुत्रा आहे. मार खाल्लेला कुत्रा वर झालेल्या हाताला भितो आणि भीतीने अंगावर जातो, हे पुस्तकात आहे आणि मी पाहिलेलंही आहे. टिप्यापुढे कोणी हात वर करायचा नाही, असा हुकूम निघाला. मंगल कपडे वाळत घालायची ती शेडच्या मागे जाऊन. चेंडू खालून सरपटत फेकायचा. सगळ्यांनी हळू बोलायचं. मला हळू बोलताना ऐकून मंगलला हसू आवरेना.

टिप्या शांत झाला. कोणाच्या अंगावर जाईना, पण खेळेनाही. लाडूने हौदातून चप्पल आणून त्याच्यापुढे ठेवली, तरी वळून बघितलं नाही. दिवसभर कुंपणाला नाक लावून मागच्या मोकळ्या प्लॉटवरच्या बाभळीकडे बघत बसायचा. मी स्वातीला सांगितलं, सुधारतोय. आणि त्याच आठवड्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये तो एका सायकलवरच्या मुलीच्या दिशेने सुटला. चावला नाही, पण पोरगी पडली, गुडघे सोलवटले. मुलीची आई रडत, ओरडत वर आली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी जनरल मीटिंग ठेवली : होळीच्या आधीच्या रविवारी निर्णय. तोवर कुत्रं साखळीत.

स्वातीने फोनवर हे सांगितलं आणि शेवटी म्हणाली, ‘‘तात्या दोन दिवस जेवले नाहीत.’’

मी फोन ठेवला आणि स्वतःवर इतकी चिडले की मंगल लांबूनच चहा ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशीच ती गोष्ट घडली. कुत्र्यांसाठी मोठ्या पातेल्यात भात निवत ठेवला होता आणि त्यावर साळुंक्या येऊन बसल्या. मंगल शेडमधून धावत आली. हातात ओला पंचा होता, तो डोक्यावर गरगर फिरवत ओरडली, ‘‘हाऽऽ! मुडद्यांनो!’’ हात वर न करण्याचा माझा हुकूम ती पार विसरली. आणि टिप्या सुटला. मी ‘टिप्या!’ म्हणून किंचाळले, कारण मला वाटलं, गेली मंगल.

तो मंगलच्या हाताखालून गेला. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पातेल्याच्या बाजूने वळसा घेतला, वाटेत एक पग झोपला होता त्याला लोळवला, थेट मागच्या कुंपणापर्यंत गेला, झाडावरची पाखरं भुंकून भुंकून उडवली, कुंपणाच्या कडेने सगळा प्लॉट फिरून आला आणि मंगलच्या डाव्या पायाशी येऊन बसला. पुढे तोंड करून, छाती काढून. आणि वर बघायला लागला, की आता काय?

‘‘अगं बाई,’’ मंगल म्हणाली, ‘‘हे तर ड्युटीवर हाय.’’

घाबरलेलं कुत्रं असं परत येऊन शेजारी बसत नाही हो! ते लांब पळतं, कोपरा धरतं. मी लगेच स्वातीला बँकेत फोन लावला. ‘‘मला एकच सांग. सिलिंडरवाल्याला चावला तेव्हा हात कोणी वर केला होता?’’

ती जरा गोंधळली. ‘‘वॉचमनने. सिलिंडर कुठे न्यायचा ते दाखवत होता.’’

‘‘मग चावला सिलिंडरवाल्याला. वॉचमनला नाही. आणि देशमुख वहिनी?’’

‘‘त्यांना टाटा करायला कोणीतरी हात वर केला होता... हां, तात्यांच्या मागे उभ्या असलेल्या बाईंनी. आणि त्या सायकलवरच्या मुलीला तिची आई हात करून बोलवत होती.’’ बोलता बोलता तिच्याच लक्षात आलं. ‘‘मॅडम, म्हणजे हात करणाऱ्याला तो काहीच करत नाही?’’

‘‘नाही. हात ज्या दिशेला होतो, तिकडे धावतो. वाटेत जो उभा असेल त्याला हाकलतो.’’

इतके दिवस सगळ्यांनी, आणि सगळ्यांत आधी मी, कोणाला चावला एवढंच विचारलं होतं, हात कोणाचा होता ते नाही.

संध्याकाळी तात्या टिप्याला न्यायला आले. मी त्यांच्यापुढे खुर्ची ओढून बसले. ‘‘तात्या, बागेत हा काय काम करायचा?’’

‘‘काम कसलं? कुत्रं ते.’’

‘‘पाखरं हाकायचा का?’’

‘‘ते व्हय,’’ तात्या म्हणाले, इतक्या सहज की मला हसावं की रडावं कळेना. ‘‘मण्यांत गोडी भरायला लागली की पाखरं लय येतात. आधी मी गोफण घेऊन हिंडायचो. मंग गुडघे गेले. मी बांधावर बसायचो अन् पंचा फिरवायचो, हे पळायचं. ज्या अंगाला पंचा, त्या अंगाला. सगळ्या ओळी फिरून पाखरू उठवून परत माझ्यापाशी. मी भाकरीचा तुकडा द्यायचो. पुढं पुढं नुसता हात केला तरी पळायला लागलं.’’

‘‘अहो, मग हे मला आधी का नाही सांगितलं?’’

‘‘तुम्ही इचारलं, मारलं का. मी सांगितलं, नाय मारलं.’’ मग म्हणाले, ‘‘अन् हे शिकवलेलं थोडंच हाय? माझे पाय हलंना, तवा त्यो हिंडला. एवढंच.’’

त्याच आठवड्यातल्या रविवारी मी त्यांना माझ्या गाडीत घालून पिंपळगावला नेलं. मला ते काम डोळ्यांनी बघायचं होतं. नाशिकच्याच द्वारका चौकात गाड्यांच्या गर्दीत अडकलो, तेव्हा पलीकडचा ट्रॅफिक पोलीस हात वर करून उभा होता आणि मागच्या सीटवर टिप्या नुसता तडफडत होता. मी म्हटलं, बिचाऱ्या या जनावराला शहरात दिवसभर हुकूम मिळत राहतात आणि एकही पुरा करू देत नाहीत.

बागेत घड लगडले होते. पुतण्याने स्वागत केलं, चहा दिला आणि सांगितलं की पुढच्या हंगामापासून सगळ्या बागेवर जाळी टाकायची, पाखरांची कटकटच नको. तात्या उठले. बांधावर जाऊन उभे राहिले, खांद्यावरचा पंचा काढला आणि एकदाच फिरवला. टिप्या मांडवाखाली घुसला. पानांच्या सावलीतून त्याची पांढरी पाठ तेवढी दिसत होती, ओळीच्या ओळी ओलांडत. पाखरांचा थवा उठला. तो धापा टाकत परत आला, तात्यांच्या पायाशी बसला, आणि तात्यांनी खिशातून भाकरीचा तुकडा काढून त्याच्या तोंडात दिला. म्हाताऱ्याचा चेहरा असा फुलला होता! इतक्या दिवसांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. पुस्तकाप्रमाणे ही सवय मोडायची असते, आणि मोडताही आली असती. पण ती मोडली तर या दोघांकडे उरणार काय?

परतीच्या वाटेवर मी बोलले. ‘‘तात्या, याचं काम काढून घ्यायचं नाही. पण ड्युटीची वेळ ठरवायची. पंचा हातात असेल तर काम. नुसता हात वर झाला, कोणाचाही, तर काम नाही. तेव्हा बसायचं आणि तुमच्याकडे बघायचं. आणि हे तुम्हालाच शिकवावं लागेल. माझं तो ऐकेल, पण मानणार नाही.’’

‘‘अन् काम कुठं करायचं? तिकडं जाळी टाकणार ते.’’

‘‘माझ्या मागच्या प्लॉटवर. रोज सकाळी.’’

‘‘तिथं काय पाखरं हायेत?’’

‘‘तुम्ही या तर खरं. पाखरं मी बघते.’’

पाखरं मंगलने बघितली. सकाळी उठून बाभळीखाली ज्वारी टाकायची आणि पाखरं जमली की म्हणायची, ‘‘या तात्या, तुमचे पाहुणे आले.’’ तात्या आधी खजील व्हायचे. नंतर त्यांनाच घाई व्हायला लागली.

ते शिकवणं सोपं नव्हतं. रोज सकाळी अविनाश ऑफिसला जाताना दोघांना सोडून जायचा, तोंड वाकडं करून, पण सोडायचा. आधी पंचा फिरवायचा आणि टिप्याला मनसोक्त पळू द्यायचं. मग पंचा खांद्यावर टाकायचा, आणि मी लांबून हात वर करायचा, अगदी थोडा, कोपरापर्यंत. तो उठला की तात्यांनी म्हणायचं, ‘‘बास.’’ बसला की तुकडा. पहिल्या दिवसांत टिप्या ‘बास’ ऐकून तात्यांकडे असा बघायचा की तात्यांचाच धीर सुटायचा. ‘‘जाऊ द्या ना मॅडम, एक डाव पळू द्या. त्याला वाटंल मी त्याच्यावर रागावलो.’’ मी शाळेतल्या आवाजात ओरडायचे, ‘‘नाही! तुकडा द्या त्याला. बसल्याबद्दल द्या.’’ एकदा तात्या चिडून काठी आपटत गेटपर्यंत गेले. म्हणाले, इमानी गड्याला कामावरून हाकलायला लावताय तुम्ही मला. मीही चिडले. म्हटलं, हाकलत नाही, सुट्टी घ्यायला शिकवतोय, आणि तुम्हीही शिका जरा. ते गेटबाहेर रस्त्याकडे बघत उभे राहिले, आणि मग परत आले. मी सॉरी म्हटलं नाही, त्यांनीही म्हटलं नाही. मंगलने दोघांना चहा दिला.

हळूहळू हात पूर्ण वर जायला लागला. मग मंगलचा हात, मग अविनाशचा. स्वाती बँकेतून सुटली की संध्याकाळी पार्किंगमध्ये सराव घ्यायची. तिला कुत्र्यांची मनातून भीती, हे तिने मला फार उशिरा सांगितलं. तरी रोज उभी राहायची, घामाघूम होऊन, हात वर करून.

मीटिंगच्या आदल्या दिवशी मी तात्यांना म्हटलं, ‘‘उद्या पंचा घरी ठेवून या.’’

‘‘तो नसला की चारचौघांत उघड्यानं बसल्यासारखं वाटतं मला.’’

‘‘बरं, पण खांद्यावरून काढायचा नाही.’’

‘‘तेवढं कळतं मला,’’ तात्या म्हणाले.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. पुढच्या रांगेत बायका, मांडीवर पोरं, त्यांतच ती सायकलवरची मुलगी आणि तिची आई. तात्या समोर खुर्चीत, टिप्या पायाशी, साखळी सैल. मी आणि स्वाती बाजूला खांबापाशी. सेक्रेटरी म्हणजे सरळ माणूस. म्हणाले, ‘‘ऐकीव गोष्टी नकोत. सगळ्यांसमोर बघू.’’ आणि त्यांनी स्वतः हात वर केला. टिप्याचा उभा कान आणखी ताठ झाला. त्याने तात्यांकडे बघितलं. तात्या म्हणाले, ‘‘बास.’’ तो बसून राहिला. वॉचमनने हात केला, देशमुख वहिनींनी केला. शेवटी त्या मुलीने उठून दोन्ही हात वर केले. टिप्या जागचा हलला नाही. लोक टाळ्या वाजवायला लागले. स्वातीने माझा दंड इतका घट्ट धरला होता की नखं रुतली.

ऊन वर आलं होतं. तात्यांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या, थोड्या उन्हाने, थोड्या जिवाच्या धास्तीने. सगळं झालं, आता सुटलो, असं वाटून त्यांनी एक मोठा श्वास सोडला. आणि जन्मभराच्या सवयीने त्यांचा हात खांद्यावरच्या पंच्याकडे गेला.

टिप्या उठून उभा राहिला.

ओरडायची सोय नव्हती. मी ओरडले असते तर टिप्या आणखी चेतला असता, आणि समोर पोरांची रांग होती. स्वातीच्या तोंडून नुसताच ‘तात्याऽ’ असा बारीक आवाज निघाला. पंचा मुठीत आलेला होता. खांद्यावरून उचलला गेला नव्हता, एवढंच. तात्यांनी खाली बघितलं. टिप्याचे डोळे त्या मुठीवर होते, मागचे पाय ताणलेले. तात्यांनी मूठ सोडली. हात हळूहळू खाली आणून गुडघ्यावर ठेवला. मग दुसऱ्या हाताच्या बाहीने तोंड पुसलं, आणि म्हणाले, ‘‘बास रे.’’ टिप्या बसला.

तिथल्या कोणालाच काय घडलं ते कळलं नाही. म्हाताऱ्याने घाम पुसला, एवढंच त्यांनी पाहिलं. कुत्रं राहू द्यावं, लिफ्टमध्ये मात्र त्याच्या तोंडाला जाळी लावावी, असं ठरलं. चहा-बिस्किटं आली. देशमुख वहिनींनी तात्यांना विचारलं, ‘‘काका, आमच्या गॅलरीत कबुतरांचा फार त्रास आहे हो, याचा काही उपयोग होईल का?’’ स्वाती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. अविनाश तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. त्या रात्री पलंगाखालची बॅग त्याने स्वतः रिकामी केली, असं तिने मला नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या नेहमीच्या वेळी सेंटरवर आले. ज्वारी टाकलेली होती, पाखरं जमली होती. पंचा फिरवून झाला, टिप्या पळून, भाकरी खाऊन पाणी प्यायला गेला. मग तात्यांनी पंचा झटकला, बोटांनी सरळ करून त्याची घडी घातली आणि माझ्यापुढे धरला.

‘‘हा इथंच राहू द्या. सकाळी आलो की घीन.’’

‘‘अहो, काल काही झालं नाही तात्या. तुम्ही सावरलंत.’’

‘‘काल सावरलं. कुत्रं शिकलं मॅडम, माझा हात नाय शिकला. घरात लेकराबाळांची ये-जा असती. मला तिथं ऱ्हायचं हाय.’’

मी तो घेतला आणि शेडमधल्या खिळ्याला टांगला. त्या दिवशी अविनाश दोघांना परत न्यायला थांबला होता, बाहेर गाडीचा हॉर्न वाजवत होता. तात्या एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात टिप्याची साखळी घेऊन निघाले. गेटपर्यंत जाताना त्यांनी वाटेत थांबून काठी काखेत धरली, हात रिकाम्या खांद्याकडे नेला, तिथे काही नाही हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी तो हात तसाच टिप्याच्या डोक्यावर ठेवला.